प्लास्टर निघाले म्हणजे पाय बरा झाला नव्हे

नाताळ ते संक्रांत हे आपल्या भागातील सामन्यांचे दिवस. सोयाबीन घरात आलेले असते, कापसाच्या वेचण्या चालू असतात, हरभरा शेतात उभा असतो. संध्याकाळ झाली की इचोड्याच्या आसपास गावोगाव चुन्याच्या रेघा मारून मैदान आखले जाते. कुठे कबड्डी, कुठे व्हॉलीबॉल. घरची पोरे खेळतात, म्हातारी माणसे कडेला बसून बघतात. ही चांगली गोष्ट आहे. तरणी पोरे मैदानावर असली म्हणजे वाईट ठिकाणी नसतात, एवढे तरी खरे.

पण दर वर्षी या सामन्यांत एखादा तरी गडी पडतो. चढाई करून मागे फिरताना पाय जमिनीत रुततो, अंग वळते, पाऊल वळत नाही, आणि गुडघ्यात काहीतरी तुटल्याचा आवाज होतो. चौघे त्याला उचलून बाजूला नेतात. कोणी पाणी मारते, कोणी पाय ओढून पाहते. दुसऱ्या दिवशी हाडवैद्याचा लेप, बांबूच्या कामट्या आणि घट्ट पट्टी. कोणी दवाखान्यात जाऊन प्लास्टर घालून घेतो. दीड महिन्याने प्लास्टर निघते, घरचे म्हणतात, "बरा झाला," आणि त्याच आठवड्यात पोराच्या पाठीवर फवारणीचा पंप चढतो.

वर्षाने बघावे तर तो उकिडवा बसू शकत नाही. बांधावरून उतरताना गुडघा दगा देतो. खेळ तर सुटलाच, शेतीचे कामही अर्ध्यावर आले. वयाच्या विशीत त्याची चाल साठीची झाली.

आज सांगायचे आहे ते एवढेच. प्लास्टर निघणे किंवा टाके निघणे ही अर्धी वाट आहे. उरलेली अर्धी वाट व्यायामाने चालावी लागते, आणि ती चालवून घेणारा माणूस म्हणजे फिजिओथेरपिस्ट, मराठीत भौतिकोपचार करणारा. पहिल्या अर्ध्या वाटेसाठी आपण कर्ज काढतो, प्रसंगी जमीन गहाण ठेवतो. दुसऱ्या अर्ध्या वाटेसाठी चार वेळा बसचे तिकीट काढायला मात्र आपले मन होत नाही. ही आपली मोठी चूक आहे.

बैलाच्या बाबतीत कळते ते

शेतकऱ्याला ही गोष्ट नव्याने शिकवावी लागते असे नाही. बैलाला खांदेसूज आली तर आपण त्याच्या मानेवर जू ठेवतो का? नाही. सूज उतरेपर्यंत त्याला मोकळा ठेवतो. सूज उतरली म्हणून दुसऱ्याच दिवशी त्याला नांगराला जुंपतो का? तेही नाही. आधी थोडे चालवतो, मग रिकामी गाडी, मग हलके ओझे, आणि बैल मान झटकत नाही असे पाहूनच त्याला वखराला लावतो. गोऱ्हा शिकवतानाही हाच क्रम असतो.

भौतिकोपचाराचे सारे शास्त्र याच क्रमावर उभे आहे. आधी सूज आणि दुखणे कमी करायचे, मग सांधा पूर्ण हलता करायचा, मग ताकद, मग तोल, मग धावणे, आणि सर्वांत शेवटी उडी, वळण व झटापट. एक पायरी नीट झाल्याखेरीज पुढची नाही. बैलासाठी जे शहाणपण आपण दाखवतो, ते पोटच्या पोराच्या गुडघ्यासाठी का दाखवत नाही? बैल विकत घ्यावा लागतो आणि पोरगा घरचा असतो, म्हणून की काय?

हा माणूस करतो तरी काय?

पुष्कळांचा समज असा की फिजिओथेरपिस्ट म्हणजे मालिश करणारा, किंवा विजेच्या यंत्राने शेक देणारा. हा समज सोडून द्यावा. शेक आणि यंत्र यांनी घटकाभर बरे वाटते, पण पायात ताकद येते ती व्यायामानेच. कोणी महिनाभर नुसते यंत्र लावून पैसे घेत असेल आणि एकही व्यायाम शिकवत नसेल, तर त्याला तसे स्पष्ट विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

पाय प्लास्टरमध्ये सहा आठवडे बांधून राहिला की मांडीचे स्नायू झपाट्याने वाळतात. दोन्ही मांड्यांना दोरी गुंडाळून मोजून पाहा, फरक डोळ्यांनी दिसेल. सांधाही आखडतो. शिवाय आणखी एक गोष्ट घडते, ती डोळ्यांना दिसत नाही. सांध्याभोवतीचे बंध आणि स्नायू मेंदूला सतत कळवत असतात की पाय कोठे आहे, किती वळला आहे. दुखापतीनंतर ही खबर नीट पोचत नाही. म्हणून सपाट रस्त्यावर माणूस चालतो, पण ढेकळात पाय पडला की घसरतो. एका पायावर उभे राहण्याचे साधे व्यायाम या खबरेसाठीच असतात. ते पोरखेळ वाटतात म्हणून टाळू नयेत. घोटा एकदा मुरगळला की तोच पुन्हा पुन्हा मुरगळतो, हे आपण पाहतो. त्यातले पुष्कळसे या व्यायामांनी टळते.

गुडघ्याच्या आतला पुढचा बंध तुटला आणि शस्त्रक्रिया झाली, तर पुन्हा मैदानावर उतरण्यास साधारण नऊ महिने द्यावे लागतात. हा आकडा कोणाच्या मनाचा नाही. नॉर्वे आणि अमेरिका या देशांतील खेळाडूंचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. खेळाडूने परतणे नऊ महिन्यांपर्यंत जितके लांबवले, तितका गुडघा पुन्हा दुखावण्याचा धोका दर महिन्याला जवळजवळ निम्म्याने घटत गेला, असे त्यात दिसले. पण नुसते महिने मोजूनही भागत नाही. दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या निदान नव्वद टक्के झाली पाहिजे, आणि ते मोजून पाहणे हे फिजिओथेरपिस्टचे काम आहे. "आता दुखत नाही" ही काही कसोटी नव्हे. दुखणे आधी थांबते, ताकद फार उशिरा येते. या मधल्या दिवसांतच गुडघा दुसऱ्यांदा जातो.

खोटी आशाही देऊ नये. २०१४ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा या शस्त्रक्रियेनंतर शंभरातले सुमारे पासष्ट जण आपल्या पूर्वीच्या पातळीवर खेळू लागले, आणि स्पर्धेच्या खेळात सुमारे पंचावन्न जण परतले, असे आढळले. म्हणजे सगळेच परतत नाहीत. पण खेळात न परतलेल्यालाही बसता, उठता, ओझे उचलता आले पाहिजे. शेतकऱ्याच्या घरी तर ते आधी आले पाहिजे.

ज्यांची नावे आपण ऐकतो

महाराष्ट्रातल्या कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे मल्ल खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. पुढच्या ऑलिंपिकआधी त्यांचा गुडघा दुखावला आणि त्यांची वाटचाल तिथे थांबली. त्या काळी आपल्या देशात सोय तरी काय होती? हे शास्त्र शिकवणारी भारतातली पहिली शाळा मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाली ती १९५३ साली, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने. त्या सुमारास मुंबईत पोलिओने पुष्कळ मुले पंगू झाली होती, आणि ही विद्या आधी त्यांच्यासाठी हवी होती. मल्लांचे गुडघे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

आता दुसरे नाव घ्या. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. सैन्यात ईएमई दलात जवान, आणि मुष्टियुद्धाचे चांगले खेळाडू. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, कमरेखालचे अंग निकामी झाले. मुष्टियुद्ध संपले. उपचाराचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरवले गेले, पोहण्याचा व्यायाम दिला गेला. पाण्यात अंगाचा भार कमी होतो, म्हणून जमिनीवर न हलणारा माणूस पाण्यात हालचाल करू शकतो. त्या उपचारातूनच त्यांना नवा खेळ सापडला. १९६८ साली ते तेल अवीवच्या पॅरालिंपिकमध्ये टेबल टेनिस खेळले, आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे पन्नास मीटर पोहण्याची शर्यत ३७.३३ सेकंदांत, जागतिक विक्रमासह जिंकली. पॅरालिंपिकमधले भारताचे ते पहिले सुवर्णपदक. सरकारने २०१८ साली त्यांना पद्मश्री दिली.

या गोष्टीतला मर्म ध्यानात घ्यावा. पेटकरांचे पाय पूर्वीसारखे झाले नाहीत. उपचाराने गेलेले सर्व परत मिळत नाही. पण जे उरले आहे ते कसे वापरायचे, हे उपचार शिकवतो. ज्याला सारे म्हणतात, "याचे आता काय होणार?" त्याच्यात काय शिल्लक आहे हे शोधून काढणे, हेच या कामाचे मोल आहे.

आपल्या राज्यातले, जवळच्या निजामाबादचे उदाहरण घेऊ. निखत झरीन या मुष्टियोद्धीचा खांदा २०१७ साली निखळला, शस्त्रक्रिया करावी लागली आणि जवळजवळ वर्षभर तिला रिंगणाबाहेर राहावे लागले. त्या वर्षी पुष्कळांनी तिचे नाव सोडून दिले असेल. पण मे २०२२ मध्ये इस्तंबूल येथे ती जगज्जेती झाली, आणि २०२३ साली दिल्लीत पुन्हा झाली. खांदा निखळल्यावर दोन महिन्यांत तिला घाईने रिंगणात ढकलले असते, तर हे दिवस आले नसते.

आणि बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावचा, शेतकऱ्याचा मुलगा अविनाश साबळे. तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्याने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवले. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत तो पाण्याच्या अडथळ्यापाशी पडला आणि त्याच्या गुडघ्याचा तोच पुढचा बंध तुटला. शस्त्रक्रिया झाली, आणि त्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेवर त्याला पाणी सोडावे लागले. देशातल्या पहिल्या धावपटूलाही घाई करता येत नाही. मग आपल्या गावच्या गड्याला कशी करता येईल?

लोक काय म्हणतात

पहिले म्हणणे असे: "आमचा बाप, आमचा आजा हाडवैद्याकडेच बरे झाले." झाले असतील. साधा मुरगळा पुष्कळदा आपोआपही बरा होतो. म्हणून हाडवैद्याला शिव्या देण्याचे कारण नाही. पण हाड मोडले आहे की बंध तुटला आहे, हे हाताने चाचपून नेहमी कळत नाही. आणि कामट्यांची पट्टी फार घट्ट बसली तर रक्त अडून पाय काढावा लागण्याची वेळ येते. पट्टीखालची बोटे थंड, निळी किंवा बधिर झाली, किंवा दुखणे सहन होईना, तर पट्टी तत्काळ सैल करावी आणि रात्र असली तरी दवाखाना गाठावा. घोटा मुरगळल्यावर चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा हाडावर बोट दाबताच कळ येत असेल, तर एक्स-रे काढलाच पाहिजे.

दुसरे म्हणणे: "कापूस वेचायचा असताना पोराला घरी बसवायचे कसे?" ही अडचण खरी आहे. वेचणीच्या दिवसांत मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. पण हिशेब पुरता करावा. या हंगामात दोन महिन्यांची मजुरी वाचवली आणि पुढची तीस वर्षे घरात अर्धा गडी राहिला, तर फायदा कोणाला झाला? शिवाय उपचार म्हणजे नुसते खाटेवर पडून राहणे नव्हे. बसून करण्याची कामे तो करू शकतो. ओझे, चिखल, उकिडवे बसणे आणि उड्या एवढे काही महिने टाळले की झाले.

तिसरे म्हणणे: "इथे फिजिओथेरपिस्ट आहे कुठे?" प्रत्येक गावात नाही, हे मान्य. पण आदिलाबादला रिम्स हे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय २००८ पासून आहे, आणि हमरस्त्यावरून बस मिळते. हाडाच्या डॉक्टरांना दाखवायला जाल तेव्हा त्यांच्याकडे व्यायामोपचाराची चिठ्ठी मागा. मागितल्याशिवाय पुष्कळदा मिळत नाही. रोज जाण्याची गरज नसते. पंधरा दिवसांनी, महिन्याने एकदा जाऊन पुढचे व्यायाम शिकून यावे आणि बाकीचे दिवस घरी नेटाने करावे. ओसरीतली भिंत, एक खुर्ची आणि वाळूची पिशवी एवढे साहित्य पुरे होते. घरी आपण मराठी बोलतो, दवाखान्यात तेलुगू चालते, कागदावर इंग्रजी असते. तेव्हा बरोबर शिकलेला एक मुलगा न्यावा, आणि प्रत्येक व्यायाम किती वेळा, किती दिवस, कोणत्या दुखण्याला थांबायचे, हे मराठीत लिहून आणावे. न कळलेला व्यायाम कोणी करत नाही.

चौथे म्हणणे कोणी मोठ्याने बोलत नाही, म्हणून आपणच बोलू. दुखापत मुलीला झाली तर ती लपवली जाते. "लग्नात अडचण येईल," म्हणतात. धावण्या-उडण्याच्या खेळांत गुडघ्याचा हा बंध तुटण्याचे प्रमाण मुलींत मुलांपेक्षा जास्त आढळते. आपल्या शाळांतल्या, आश्रमशाळांतल्या मुली आता कबड्डी व खो-खोत पुढे येत आहेत. त्यांचा गुडघा झाकून ठेवला तर तो बरा होत नाही, आणि पुढे पाण्याची घागर व बाळंतपण याच गुडघ्यावर उचलावे लागते. अडचण लपवल्याने येते, उपचाराने येत नाही.

सामने भरवणाऱ्यांना विनंती

आता एक सूचना. सामने भरवणारी मंडळी वर्गणी गोळा करतात, मांडव घालतात, ढाल आणि रोख बक्षिसे देतात, ध्वनिक्षेपक लावतात. या सर्व खर्चात पडलेल्या खेळाडूसाठी एक रुपयाही बाजूला काढलेला नसतो. ज्याच्या खेळावर टाळ्या पडल्या, तो पडला की त्याच्या बापावर सोडून द्यायचा, हे न्यायाचे नाही.

प्रत्येक गावच्या समितीने प्रवेश फीचा आणि वर्गणीचा काही भाग पहिल्याच दिवशी वेगळा ठेवावा. सामन्यात कोणी जायबंदी झाला तर त्याच्या एक्स-रेला, येण्याजाण्याला आणि पुढच्या व्यायामोपचाराच्या फेऱ्यांना तो वापरावा. वर्ष निभावले तर रक्कम पुढच्या वर्षाला जमा. एक वही ठेवावी, तीत कोण पडला, केव्हा पडला, कोठे दाखवले, पुन्हा केव्हा खेळला, हे लिहावे. दोन-तीन वर्षांत त्या वहीवरूनच कळेल की मैदानातले दगड वेचायला हवे होते, की पोरांना अंग गरम न करता खेळवले जात होते. सामन्यापूर्वी पंधरा मिनिटे धावणे, उठाबशा, एका पायावर तोल, उडी मारून गुडघा न वाकडा करता उतरणे, एवढे नेमाने केले तर दुखापती कमी होतात.

आणि एक गोष्ट कटाक्षाने बंद करावी. अंतिम सामन्यासाठी दुखऱ्या गड्याला दुखणे मारणारी गोळी किंवा इंजेक्शन देऊन मैदानात उतरवण्याची. दुखणे हे राखणदार कुत्र्यासारखे आहे. त्याचे तोंड बांधले म्हणून चोर गेला असे होत नाही.

घरच्या वडीलधाऱ्यांनाही एक सांगणे आहे. व्यायाम करणाऱ्या जखमी पोराला "आळशी झालास, भिंतीला टेकून काय बसतोस?" असे म्हणू नये. तो भिंतीला टेकून बसला आहे, तीच त्याची त्या दिवसाची कमाई आहे. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पोरांचा धीर सुटतो. सुधारणा दिसत नाही, मित्र मैदानावर असतात, याला घरी पाय उचलत बसावे लागते. त्या दिवसांत जवळ बसून दहापर्यंत मोजणारे कोणी असले, तरी पुष्कळ आधार होतो. आजी मोजू शकते, धाकटी बहीण मोजू शकते. त्याला शिक्षण लागत नाही.

या नाताळात मैदान आखले जाईल तेव्हा चुन्याच्या पोत्याबरोबर या पेटीचाही विचार व्हावा. आणि ज्यांच्या घरी आज प्लास्टर निघाले असेल, त्यांनी पंप खुंटीला टांगून ठेवावा आणि आधी आदिलाबादची बस धरावी.